नेम माणसाच्या प्रथिनावर असेल, तर चाचणी इथल्या माणसांत हवी

१० मे २०२१ रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की राज्यातल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाला आयव्हरमेक्टिन दिलं जाईल. कोविड झालेला असो वा नसो, रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याआधी मार्चअखेरीसच सांगून ठेवलं होतं की चाचणीबाहेर कोविडसाठी हे औषध वापरू नका. निर्णयावर टीका झाली, पण तिचा बराचसा सूर 'जंतांचं औषध विषाणूवर कसं चालेल' असा होता. हा आक्षेप चुकीच्या जागी होता. आयव्हरमेक्टिन विषाणूवर चालेल या अपेक्षेमागं एक नीट विचार होता. पेशीत इम्पोर्टिन नावाची प्रथिनं इतर प्रथिनांना केंद्रकात नेऊन पोचवतात, आणि बरेच विषाणू आपली प्रथिनं याच वाहतुकीतून आत घुसवतात. आयव्हरमेक्टिन ही वाहतूक अडवतं, हे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी कोविडच्या कितीतरी आधी एचआयव्ही आणि डेंगीच्या संदर्भात दाखवलं होतं. म्हणजे नेम विषाणूवर नव्हताच, आपल्या पेशीतल्या प्रथिनावर होता.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंही तेच. मार्च २०२०मध्ये आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून घ्यायला सांगितलं. हे औषध पेशीच्या आतल्या पिशव्यांमधली आम्लता कमी करतं. ज्या विषाणूंना त्या आम्लतेच्या मदतीनं आत शिरायचं असतं त्यांची वाट बंद होते. इथंही नेम यजमानावर, म्हणजे विषाणू ज्याच्या शरीरात वस्ती करतो त्या माणसावर.

म्हणजे यजमान प्रथिनांना लक्ष्य करण्याचा मोठा प्रयोग या देशात होऊन गेला, फक्त त्याला प्रयोग म्हटलं गेलं नाही, म्हणून त्यातून काही शिकताही आलं नाही. दोन्ही औषधांना सुरुवातीचा जो मोठेपणा मिळाला तो व्हेरो पेशींमध्ये, आणि या पेशी मूळच्या आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चाललं नाही, कारण तिथं विषाणू टीएमपीआरएसएस२ या दुसऱ्याच प्रथिनाच्या मदतीनं पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत शिरतो. त्याला आम्लतेची गरजच पडत नाही. आयव्हरमेक्टिनचा परिणाम दिसायला जी मात्रा लागत होती ती नेहमीच्या डोसनं रक्तात उतरणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट होती. रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत दोन्ही औषधं निरुपयोगी ठरली. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून ती वगळली गेली सप्टेंबर २०२१मध्ये, म्हणजे दुसरी लाट ओसरून गेल्यावर.

एवढं पाहून कुणी म्हणेल की ही कल्पनाच मोडीत काढा. मी उलट म्हणतो. यजमान प्रथिनांवरच्या औषधांत भारतानं सार्वजनिक पैसा घालावा, नेटानं घालावा. मात्र या औषधांच्या सुरक्षिततेचा दाखला परदेशातून उसना आणता येत नाही, आणि आज आपले नियम नेमकी तीच मोकळीक देऊन बसले आहेत.

आधी पैसा का घालावा ते. माणसाला बाधणाऱ्या विषाणूंच्या दोनशेहून अधिक जाती ठाऊक आहेत. नेमकी औषधं आहेत ती जेमतेम दहाएक विषाणूंवर: एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, इन्फ्लुएंझा, नागीण गटातले काही, कोविड, असे. प्रतिजैविकांचं तसं नाही. एकाच गोळीनं दहा जातींचे जीवाणू मरतात, कारण जीवाणूंचा स्वतःचा संसार असतो आणि तो आपल्याहून वेगळा असतो. विषाणू मात्र भांडीकुंडी न आणता आलेला बिऱ्हाडकरू. चूल आपली, सरपण आपलं, पीठही आपलंच. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत सापडलेल्या आणि त्या गावाचंच नाव मिळालेल्या विषाणूकडे पाच प्रथिनं आहेत. फक्त पाच! बाकी सगळं काम तो मुलाच्या पेशींतल्या हजारो प्रथिनांकडून करून घेतो. २००३मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. २०२४मध्ये तो गुजरातेत पुन्हा उसळला. मूल सकाळी तापानं फणफणतं आणि एक-दोन दिवसांत जातं. साठ वर्षं झाली, या विषाणूवर औषध नाही, आणि त्याच्या पाचांपैकी एखादं प्रथिन निवडून त्यावर शेकडो कोटी ओतणारी कंपनी पुढं येईल असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक कोण? वाळूमाशी चावलेली खेड्यातली मुलं.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना गोचिडीतून होणारा माकडतापही याच रांगेत उभा आहे. त्याचा विषाणू १९५७ला कर्नाटकातल्या शिमोग्यात (आताच्या शिवमोग्ग्यात) सापडला. लस होती ती तोकडी पडली. डेंगीला तर गिऱ्हाइकांची वाण नाही, तरी तिथंही जॉन्सन अँड जॉन्सननं विषाणूवर नेम असलेल्या आपल्या गोळीची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑक्टोबर २०२४मध्ये कंपनीचे प्राधान्यक्रम बदलल्याचं सांगून थांबवली. एकेका विषाणूला एकेक औषध या वाटेनं गेलो तर चांदीपुऱ्याची पाळी कधीच येणार नाही. अनेक विषाणू पेशीतल्या ज्या मोजक्या प्रथिनांवर सारखेच अवलंबून असतात ती काही दिवसांपुरती अडवली, तर एका औषधात अनेकांची सोय होते. शिवाय विषाणू आपलं प्रथिन चटकन बदलतो. आपलं प्रथिन बदलणं त्याच्या हातात नाही.

हे शेवटचं वाक्य मात्र प्रचारकी आहे, आणि या क्षेत्रातली माणसं ते जरा सढळपणे वापरतात. विषाणू आपलं प्रथिन बदलू शकत नाही, पण दुसरं निवडू शकतो. सीसीआर५ हे प्रथिन अडवणारं मॅराव्हिरॉक २००७मध्ये एचआयव्हीसाठी मंजूर झालं. ते देण्याआधी रुग्णाचा विषाणू कोणत्या दारानं शिरतो ते तपासावं लागतं, कारण काही विषाणू सीएक्ससीआर४ या शेजारच्या दारानं येतात. टीएमपीआरएसएस२ अडवणारं कॅमोस्टॅट जपानमध्ये स्वादुपिंडाच्या दाहासाठी वर्षानुवर्षं वापरात होतं. २०२०मध्ये त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. चाचण्यांत ते चाललं नाही, आणि पुढं आलेल्या ओमिक्रॉननं त्या प्रथिनावरचा आपला भरच कमी केला.

कोणतं प्रथिन अडवायचं हे ठरवणंही जिकिरीचं. २००८मध्ये तीन प्रयोगशाळांनी माणसाचं एकेक जनुक दाबून एचआयव्हीला कशाकशाची गरज लागते याच्या याद्या काढल्या. प्रत्येक यादी दोन-तीनशे नावांची, आणि तिन्हींत समान नावं अगदी थोडी. २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेव्हन क्रोगन यांच्या गटानं करोनाच्या प्रथिनांना चिकटणारी ३३२ मानवी प्रथिनं शोधली आणि त्यांतल्या ६६ प्रथिनांवर चालणारी औषधं आधीच हाताशी असल्याचं सांगितलं. जगभर त्यावर उड्या पडल्या. वर्षभरानं लक्षात आलं की जुन्या औषधांच्या चाळणीतून 'चाललेली' बरीच औषधं त्या प्रथिनांमुळं चाललीच नव्हती. त्यांच्या रासायनिक घडणीमुळं पेशीत चरबीयुक्त द्रव्यं साचत होती आणि विषाणू त्या बिघाडानं अडखळत होता. प्राण्यांत दिल्यावर हा गुण टिकला नाही. करोनाच्या वर्षांत माध्यमांनी 'जुन्या औषधाचा नवा उपयोग' म्हणून जे जे मिरवलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं मूळ इथं सापडेल.

मग या कल्पनेच्या जमेला काय आहे? विषाणूला थेट आडवं येणारं, बाजारात टिकलेलं नाव घ्यायचं तर मॅराव्हिरॉक. त्याच्याही आधीचं इंटरफेरॉन, १९५७मध्ये लंडनमध्ये सापडलेलं, पेशीलाच सावध करणारं. हेपटायटिस बी आणि सीसाठी ते कित्येक वर्षं वापरलं गेलं. ताप, अंगदुखी, नैराश्य यांनी रुग्ण हैराण व्हायचे. त्याचा लॅम्डा हा भाऊ सौम्य, कारण त्याला पकडणारे रिसेप्टर मुख्यतः फुप्फुस-आतड्यांच्या अस्तरात असतात. ब्राझील आणि कॅनडातल्या चाचणीत कोविडच्या सुरुवातीला दिलेल्या लॅम्डाच्या एकाच टोचणीनं इस्पितळात जाण्याची वेळ ५.६ टक्क्यांऐवजी २.७ टक्के रुग्णांवर आली. २०२३च्या सुरुवातीला हे निकाल छापून आले, पण अमेरिकी नियामकानं तातडीची परवानगी दिली नव्हती आणि ते औषध बनवणाऱ्या छोट्या कंपनीनं २०२४मध्ये दिवाळखोरी मागितली. जगभरातल्या श्वसनाच्या विषाणूंवर चालू शकेल असं औषध असं वाऱ्यावर गेलं, आणि औषधनिर्मितीचं सामर्थ्य मिरवणाऱ्या आपल्या देशात कुणी हूं की चूं केलं नाही.

जिथं विषाणूवर नेमकं औषध निघू शकतं तिथं तेच जिंकतं, हेही मान्य करायला हवं. हेपटायटिस सीसाठी सायक्लोफिलिन हे मानवी प्रथिन अडवणारं अॅलिस्पोरिव्हिर चांगलं चाललं होतं. इंटरफेरॉनसोबत देताना काही रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह झाला, एक दगावला, आणि २०१२मध्ये अमेरिकेत चाचणी थांबली. पुढच्याच वर्षी विषाणूची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज या त्याच्या स्वतःच्या एन्झाइमवर नेम असलेलं सोफॉसबुविर आलं आणि चर्चा संपली. तेव्हा यजमानावरच्या औषधांची जागा ठरलेली आहे: ज्यांच्याकडे बाजार पाहणार नाही ते विषाणू, आणि नवी साथ आल्यावरचे नेमकं औषध हाती नसलेले पहिले महिने. ही जागा लहान नाही. आपल्याकडे तर नाहीच.

आता मुद्द्याचं. आपलं प्रथिन विषाणूच्या सोयीसाठी जन्माला आलेलं नसतं. त्याला स्वतःचं काम असतं. इबोला पेशीत शिरायला एनपीसी१ वापरतो, आणि ज्या मुलांत हे प्रथिन जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना मेंदू-यकृताचा जीवघेणा आजार होतो. सीसीआर५चं उदाहरण याहून बोलकं. उत्तर युरोपातल्या सुमारे एक टक्का लोकांत या प्रथिनाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, तरी ते ठणठणीत असतात आणि एचआयव्हीच्या नेहमीच्या वाणांपासून बव्हंशी सुरक्षित राहतात. यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला की सीसीआर५ अडवलं तर बिघडत नाही. पुढं कळलं की अशा लोकांना वेस्ट नाइल विषाणूची बाधा झाली तर ती अधिक गंभीर होते. उत्तर युरोपात वेस्ट नाइल फारसा नाही, म्हणून हा तोटा तिथं दिसला नव्हता. भारतीयांत हा जनुकीय बदल जवळजवळ सापडतच नाही, आणि डासांतून पसरणारे विषाणू मात्र मुबलक. म्हणजे 'हे प्रथिन नसलं तरी चालतं' हा निसर्गानं दिलेला दाखला दुसऱ्या लोकसंख्येचा, दुसऱ्या हवामानातला आहे.

सध्या गाजणारं एक संशोधन घेऊ. आयएसजी१५ हे प्रथिन जन्मतः नसलेली मोजकी माणसं अनेक विषाणूंना दाद देत नाहीत. त्यांची नक्कल करून पेशीत दहा संरक्षक प्रथिनं तात्पुरती निर्माण करणारं एमआरएनए औषध न्यू यॉर्कच्या दुसान बोगुनोविच यांच्या गटानं २०२५मध्ये प्राण्यांवर यशस्वी करून दाखवलं. मला ही दिशा मनापासून आवडते. पण ही माणसं वैद्यकाच्या नजरेत प्रथम कशी आली? २०१२मध्ये, क्षयावरची बीसीजी लस टोचल्यावर आजारी पडलेली मुलं म्हणून. त्या प्रथिनाविना त्यांचं शरीर क्षयाच्या जातकुळीतल्या जीवाणूंपुढं दुबळं पडत होतं. औषध ते प्रथिन काढून टाकत नाही, त्यामुळं तसंच होईल असं मुळीच नाही. पण जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत त्यानं पहिला प्रश्न क्षयाबद्दलच विचारावा, आणि तो बोस्टनमध्ये किंवा बासलमध्ये बसलेल्या कुणाला सुचेल याची वाट पाहू नये.

आपल्याकडे हा प्रश्न न विचारण्याची किंमत काय होते ते आपण पाहिलं आहे. कोविडमध्ये जी औषधं खरोखर जीव वाचवून गेली त्यांतली ठळक नावं यजमानावरचीच: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, टॉसिलिझुमॅब, बॅरिसिटिनिब. ती विषाणूला अडवत नव्हती, शरीराचा अतिरेकी दाह शमवत होती. तरी धडा तोच. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आणले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांच्यात मात्र ते १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के झाले. हा फरक योगायोगाचा असू शकेल, पण फायदा नव्हता हे नक्की. हा तपशील आपल्या गल्लोगल्लीच्या प्रिस्क्रिप्शनवर उतरलाच नाही. घरी बसलेल्या, साखर वाढलेल्या रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टिरॉइड सुरू झालं. जून २०२१अखेर देशात काळ्या बुरशीचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातेत. सुमारे ६४ टक्के मधुमेही होते, निम्म्याहून अधिक स्टिरॉइडवर होते. ब्रिटनमध्ये हेच औषध देऊन अशी लाट आली नाही. औषध तेच, विषाणूही तोच. बदलला तो यजमान. दहा कोटी मधुमेही असलेला यजमान.

बॅरिसिटिनिबला मे २०२१मध्ये आपल्याकडे तातडीची परवानगी मिळाली. संधिवातासाठी हे औषध देण्याआधी रुग्णाला सुप्त क्षय आहे का ते बघतात, कारण ते क्षयाला जागं करू शकतं. आपल्या दर दहा प्रौढांपैकी सुमारे तिघांच्या शरीरात क्षयाचा जंतू झोपलेला आहे. ऑक्सिजनची खाट मिळत नव्हती त्या दिवसांत ही तपासणी किती जणांची झाली असेल?

या पार्श्वभूमीवर औषध नियंत्रकांचा ऑगस्ट २०२४चा आदेश पाहा. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतात स्थानिक चाचणीतून सूट दिली आहे. दुर्मिळ आजारांवरची औषधं, जनुकीय आणि पेशी उपचार, आणि त्याच यादीत महासाथीच्या काळात वापरायची नवी औषधं. त्यासाठी एक अट अशी की विक्री सुरू झाल्यावर चौथ्या टप्प्याचा अभ्यास करावा. दुर्मिळ आजारांच्या बाबतीत मी या सवलतीच्या बाजूनं आहे. मज्जारज्जूतल्या बिघाडानं स्नायूंचा ऱ्हास होणाऱ्या बाळाच्या आईबापांना 'आधी इथं चाचणी होऊ द्या' म्हणणं निर्दयपणाचं. विषाणूच्या स्वतःच्या एन्झाइमवर नेम असलेल्या औषधालाही ती शोभते, कारण करोनाचं प्रोटिएज नागपुरात आणि न्यू यॉर्कमध्ये एकच असतं. (तिथंही गाफील राहून चालत नाही. कोविडवरच्या पॅक्सलोव्हिड या औषधातलं रिटोनाव्हिर आपल्या यकृतातलं एन्झाइम दाबतं, आणि रिफॅम्पिसिन चालू असलेल्या क्षयरुग्णाला ते औषध देताच येत नाही.) पण ज्या औषधाचा नेमच मानवी प्रथिनावर आहे, त्याला या रांगेत बसवणं म्हणजे चाचणी नको म्हणणं नव्हे, चाचणी नोंदवही न ठेवता सगळ्या देशावर करणं आहे. महासाथीत चौथ्या टप्प्याची मोजदाद कोण ठेवतं? काळी बुरशी मोजली गेली कारण ती डोळा खाते, दिसते. सहा महिन्यांनी जागा झालेला क्षय कुणी त्या पाच दिवसांच्या गोळ्यांशी जोडणार नाही.

म्हणून त्या आदेशात एक पोटकलम हवं: लक्ष्य मानवी प्रथिन असेल तर सूट नाही, मधुमेही आणि सुप्त क्षय असलेल्या रुग्णांचा पुरेसा भरणा असलेली, मर्यादित का होईना, चाचणी इथं झालीच पाहिजे, आणि त्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं पाहिजे. यावर ठरलेलं उत्तर येतं की माणसं मरत असताना चाचणीला वेळ कुठला. रिकव्हरी मार्च २०२०मध्ये सुरू झाली आणि १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल हाती होता. आपणही हे केलं आहे. आयसीएमआरनं २०२०मध्ये ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेऊन त्याचा उपयोग नाही हे भर साथीत, मोठमोठे नेते प्लाझ्मादानाची आवाहनं करत असताना दाखवून दिलं. अडचण वेळेची नव्हती. निकाल आल्यावरही प्लाझ्मा मे २०२१पर्यंत मार्गदर्शक सूचनांत राहिला, ही अडचण वेगळी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अशा अटीमुळं परदेशी कंपन्या भारताला वळसा घालतील. काही घालतीलही. म्हणूनच औषधाचा शोध आणि चाचणी दोन्हींत सार्वजनिक पैसा हवा असं मी म्हणतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे १९५२पासून जमवलेले विषाणू आहेत, सर्वात धोकादायक विषाणू हाताळण्याची प्रयोगशाळा आहे. तिथं यजमान प्रथिनांवरची औषधं व्हेरोऐवजी माणसाच्या फुप्फुसाच्या, मेंदूच्या पेशींत, रक्तात खरोखर पोचणाऱ्या मात्रेत तपासता येतील. चांदीपुऱ्यासाठी ही औषधं उशिरानं देऊन भागणार नाही. तापाच्या पहिल्या काही तासांत द्यावी लागतील, म्हणजे निदान तालुक्याच्या रुग्णालयात व्हायला हवं. माकडतापाचं त्या मानानं सोपं. तो दरवर्षी साधारण डिसेंबर ते मे या काळात, ठरलेल्या तालुक्यांत येतो, आणि आजार आठवडा-दोन आठवडे चालतो. दोडामार्ग, सत्तरी आणि शिवमोग्याची रुग्णालयं एका चाचणीत बांधली, नीतिसमितीची मंजुरी आणि औषधाचा साठा नोव्हेंबरात तयार ठेवला, तर पहिला रुग्ण दाखल होईल त्या दिवशी चाचणी सुरू होऊ शकते. एका हंगामात रुग्ण पुरणार नाहीत. तीन-चार हंगाम लागतील, आणि तेवढा काळ निधी चालू ठेवण्याची लेखी हमी आरोग्य संशोधन विभागानं सुरुवातीलाच द्यावी लागेल.